सगळे मिळून सा

शास्त्रीय संगीत ही मुळात एकट्याने करायची गोष्ट आहे. गवई एक, गुरू एक, घराणे एक आणि बाकीच्या घराण्यांबद्दलचे मतही एकच. साथीला तबलजी असतो, पेटीवाले असतात, मागे तंबोऱ्यावर दोन शिष्य असतात. पण त्यांचे स्थान लग्नातल्या करवल्यांचे. मिरवायचे भरपूर, अक्षता दुसऱ्याच्या डोक्यावर. शाळा याच्या बरोबर उलट. तिथे बाकावर तीन, वर्गात साठ आणि मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर सहाशे असा हिशेब असतो. आता ही एकट्याची कला या साठांच्या गळ्यात घालायची म्हणजे नवरदेवाच्या मापाचा कोट सगळ्या वऱ्हाडाला चढवण्यासारखे आहे. तरीही डिसेंबर उजाडला की स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत, ईशस्तवन आणि अहवालवाचन यांच्या खाली, 'राग भूप : समूहगान व वृंदवादन' अशी ओळ छापलेली असतेच.

भूपच का, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडत असे. पुस्तकात पाहावे तर भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा राग, प्रकृती शांत वगैरे मजकूर असतो. तीनशे पालक आणि त्यांची कडेवरची बाळे यांच्यासमोर शांत प्रकृती कशाला, हे कळेना. शेवटी एका जुन्या गायनशिक्षकांनी खरे कारण सांगितले. भूपात मध्यम नाही आणि निषाद नाही. सात स्वर घेतले तर चुकायला सात जागा, पाच घेतले तर पाचच. गायनशिक्षक हा वाण्याइतकाच हिशेबी असतो, फक्त त्याच्या दुकानात गिऱ्हाइके जबरदस्तीने बसवलेली असतात. ज्याची नोकरी कायम झाली आहे तो पुढे दुर्गा घेतो, तोही पाचाचाच. यमनाला हात घालणारा माणूस शूर समजावा. यमनात तीव्र मध्यम आहे, आणि साठ मुले मिळून जो मध्यम लावतात तो ना शुद्ध असतो ना तीव्र. आपल्या पूर्वजांनी बावीस श्रुती मोजल्या; तेविसावी त्यांना सापडली नाही याचे कारण ते सातवी ब च्या वर्गावरून कधी गेले नव्हते.

या सगळ्याचे श्रेय किंवा खापर, आपापल्या अनुभवाप्रमाणे, दोनतीन मोठ्या माणसांकडे जाते. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली. पुढे १९०१ साली विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्याआधी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी पाणी भरायचे, पाय चेपायचे, बाजारहाट करायची आणि कधीकाळी गुरुजी खुशीत आले तर एखादी अस्थाई पदरात पडायची. अंतऱ्यासाठी आणखी काही वर्षे पाणी. पलुसकरांनी फळा आणला, स्वरलिपी आणली, अभ्यासक्रम आणला, परीक्षा आणली. गाणे चारचौघांच्या घरात आले ते या फळ्यावरून. पण फळ्याबरोबर घंटाही आली. मोठा गवई समेची वाट पाहतो, शाळेतला गवई तासाच्या घंटेची. तान वरच्या षड्जाला टेकते न टेकते तोच घंटा होते आणि तिला तिथेच लोंबकळत ठेवून मुले भूगोलाला जातात.

समेचे तर विचारूच नका. तीनतालाच्या सोळा मात्रा झाल्या की सतराव्याला सगळ्यांनी मिळून पहिल्या मात्रेवर यायचे, एवढीच ती गोष्ट. शाळेत मात्र सम एस.टी.सारखी येते. काहीजण ती यायच्या आधीच स्टँडवर जाऊन बसलेले असतात, काहीजण ती निघाल्यावर मागून पळत येतात आणि एखादा शहाणा वेगळ्याच गावाच्या गाडीत चढलेला असतो.

आणि पट्टी! मुलींना काळी चार हवी, लहानग्यांना त्याच्याही वर. आठवी-नववीच्या मुलांचा आवाज हा त्या वयात आवाज नसतोच, ती खोली बदलण्याची धांदल असते. जुना भाडेकरू सामान हलवतो आहे, नवा दारात वळकटी घेऊन उभा आहे आणि दोघेही एकाच वेळी बोलताहेत. अशांना घेऊन एका षड्जावर उभे करायचे, म्हणजे गायनशिक्षकाला काहीतरी उपाय करावाच लागतो.

आमच्या लहानपणी त्यावर एक रामबाण उपाय होता. समूहगानाच्या तालमीला आमचे मास्तर रांगेतून फिरायचे आणि प्रत्येकाच्या तोंडाजवळ कान न्यायचे. डॉक्टर नळी लावून छाती तपासतो तसा चेहरा करून ते पुढे सरकत. माझ्यापाशी आले की थांबायचे. पुन्हा एकदा कान लावायचे. मग आवाज न चढवता, अगदी मायेने म्हणायचे, "तू असं कर बाळ, नुसते ओठ हलव." आम्ही असे चौघे होतो. चौघांनाही कोपऱ्यात न ठेवता मधोमध उभे करत, कारण आमचे ओठ फार छान हलत. दोन वर्षे मी भूप, दुर्गा आणि एकदा देस असे राग जाहीर कार्यक्रमात नुसत्या ओठांनी गायलो. आई घरी आल्यावर म्हणाली, "सगळ्यांत तुझा आवाज स्वच्छ ऐकू आला हो!" आईचे कान हा ध्वनिशास्त्राने अजून न सोडवलेला प्रश्न आहे.

ओठ हलवण्याचा एक फायदा मात्र होतो. आपण काही गात नसल्यामुळे बाकीचे काय गातात ते ऐकू येते. ती सवय लागली ती लागलीच. गाता येणारे गातात, न येणारे गाण्याविषयी वाचतात. सेवानिवृत्तीनंतर मी वाचू लागलो. आणि वाचता वाचता लक्षात आले की शाळेत पोराटोरांचा ताफा जमवून मोठे संगीत वाजवण्याचा खटाटोप फक्त आपल्याकडचा नाही.

व्हेनिसमध्ये पिएता नावाचा अनाथाश्रम होता. त्याच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात लोक नको असलेले तान्हे मूल ठेवून जात. तिथल्या मुलींना गाणे-बजावणे शिकवीत. १७०३ साली तिथे व्हायोलिनचे मास्तर म्हणून तांबड्या केसांचा एक तरुण पाद्री लागला, त्याचे नाव अँटोनिओ व्हिवाल्डी. आज जगभर ज्याचे ऋतूंचे कॉन्चेर्तो वाजतात तो हाच. या मुलींना आडनाव नसे, म्हणून वाद्यच आडनावाला लावीत. एकीचे नाव चक्क 'व्हायोलिनवाली आना मारिया' म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या बीनकार, पखवाजी मंडळींना ही पद्धत समजावून सांगायला नको. या मुली सज्जात जाळीच्या आड बसून वाजवीत आणि युरोपभरचे शौकीन खाली बसून ऐकत.

मला यात सर्वांत आपलेपणा वाटला तो मास्तरांच्या नोकरीबद्दल. संस्थेचे चालक दर वर्षी मतदान करून मास्तरांना ठेवायचे की नाही ते ठरवीत. १७०९ साली व्हिवाल्डी सहा विरुद्ध सात मतांनी पडले! पुढे १७११ साली त्यांना परत बोलावले, ती गोष्ट वेगळी. पण जगातल्या कुठल्याही शाळेच्या कार्यकारी मंडळाला गायनाचा मास्तर हा खर्चात काटायचा पहिला आकडा वाटतो, हे पाहून माझा मानवजातीच्या एकात्मतेवरचा विश्वास वाढला.

तिथल्याच दुसऱ्या एका आश्रमात रूसोने मुलींचे गाणे ऐकले. तत्त्वज्ञ असला तरी तो माणूस होता. जाळीमागे अप्सरा असणार असे त्याने धरून चालले आणि ओळखीने आत प्रवेश मिळवला. एक एकाक्ष निघाली, एकीच्या तोंडावर देवीचे व्रण. बिचारा खट्टू झाला. पण पुन्हा खाली बसून ऐकू लागला तेव्हा त्याला त्या सुंदरच वाटू लागल्या, असे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. स्नेहसंमेलनाला पडदा वर जाण्यापूर्वी पालकांना हे पान वाचून दाखवावे.

पण व्हेनिसपर्यंत कशाला जा? आपल्या मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी हेच केले. १९१८च्या सुमारास साथीत पोरकी झालेली मुले त्यांनी गोळा केली आणि त्यांच्या हातात वाद्ये दिली. सतार, सरोद, व्हायोलिन, तबला, जे हाताला येईल ते. कमी पडले तेव्हा बंदुकीच्या नळ्या कापून, त्या लहानमोठ्या मापात मांडून 'नलतरंग' नावाचे नवे वाद्यच बनवले. ज्या नळीतून गोळी सुटायची तिच्यातून षड्ज सुटू लागला. खाँसाहेबांची शिस्त कडक, राग त्याहून कडक. पण या मुलांना कोणी घराणे विचारले नाही. ज्यांना घरच नव्हते त्यांना घराणे कुठले? रागदारी सगळ्यांनी मिळून वाजवायची, ही गोष्ट मैहर बँडने पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालवली.

इंग्रजांकडे तर शाळेसाठी लिहिणे हा मोठ्या संगीतकारांचा जुना उद्योग आहे. पर्सेलची 'डायडो आणि ईनियास' ही संगीतिका १६८०च्या दशकात चेल्सीच्या मुलींच्या शाळेत झाली. होल्स्ट १९०५पासून मरेपर्यंत एका मुलींच्या शाळेत शिकवीत राहिला आणि तिथल्या वाद्यवृंदासाठी त्याने लिहिलेली रचना आज व्यावसायिक वाद्यवृंद वाजवतात. पण माझे मन जिंकले ते बेंजामिन ब्रिटनने. नोआच्या प्रलयाची कथा घेऊन त्याने १९५८ साली गावातल्या शाळकरी मुलांसाठी एक संगीतिका लिहिली आणि सफोकमधल्या ऑरफर्डच्या चर्चमध्ये ती झाली. संहिता जुनी, मध्ययुगीन. व्हायोलिनवाल्या मुलांचे त्याने गट पाडले : ज्यांना बरे येते, ज्यांना बेताचे येते आणि ज्यांना जवळजवळ काहीच येत नाही. या शेवटच्यांसाठी त्याने असे लिहिले की बहुतेक मोकळ्या ताराच वाजवायच्या, बोट टेकवायचे कामच नाही. आणि पावसाचे पहिले थेंब कसे दाखवावेत? होल्स्टची मुलगी इमोजेन हिने त्याला आपल्या स्वयंपाकघरात नेले, दोरीला चिनी मातीचे मग टांगून लाकडी डावाने वाजवून दाखवले. ब्रिटनने ते तसेच्या तसे संगीतिकेत घातले.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ गच्चीत जाऊन उभा राहिलो. एवढा मोठा संगीतकार, आणि ज्याला काही येत नाही त्याच्यासाठी ओळ लिहून ठेवतो. मग टांगतो, पण 'नुसता डाव हलव' म्हणत नाही.

माझी नात ज्या शाळेत जाते तिथल्या गायनाच्या बाईंनी ब्रिटनचे नाव ऐकले आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण गेल्या वर्षीच्या त्यांच्या तालमी मी पाहिल्या आहेत, कारण नातीला आणायला जाण्याचे काम माझ्याकडे आहे. अडतीस मुले. सव्वीस गाणारी, चार पेट्या, तीन तबले, दोन बासऱ्या, एक व्हायोलिन आणि जलतरंगावर एक मुलगी. राग अर्थात भूप. जलतरंगाच्या वाट्यांत पाणी मोजून भरलेले असे. एकदा मधल्या सुट्टीत पाचवीतल्या एका तहानलेल्या गवयाने गंधार अर्धा पिऊन टाकला. वाटीतले पाणी कमी झाले की सूर चढतो. गंधाराचा मध्यम झाला, आणि भूपात मध्यम वर्ज्य! बाईंनी त्याला शिक्षा काय करावी? त्याच्याकडूनच नळाचे पाणी आणवून, थेंबथेंब घालून गंधार परत खाली उतरवून घेतला. त्या पोराला गंधार आता जन्मात विसरायचा नाही.

हे झाले सदतीस. अडतिसावा आठवीतला एक उंच मुलगा, आवाज फुटलेला. त्याचा सूर लागायचा तो एकच आणि तोही भलत्या ठिकाणी. मी मनात म्हटले, आता ओठ हलवणार. पण बाईंनी त्याला पेटीजवळ बसवले आणि म्हणाल्या, "तुला सोपा जाईल तो आवाज काढ. कुठलाही." त्याने काढला. बाईंनी पट्ट्या दाबत दाबत तो शोधला. काळी तीन.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सबंध वाद्यवृंद काळी चारवरून काळी तीनवर आणला. पेटीवाल्या चौघांनी पहिल्यांदा कुरकूर केली, आणि मग त्यांच्या ध्यानात एक गंमत आली. काळी तीनला सा धरला की भूपाचे पाचही स्वर बरोबर पाच काळ्या पट्ट्यांवर पडतात. पांढरीला बोट लावायचे कारणच नाही! चुकायच्या जागाच गेल्या. घरी पेटी असेल त्यांनी करून पाहावे. मी शेजाऱ्यांची परवानगी काढून करून पाहिले.

त्या मुलाला बाईंनी एकच काम दिले. "सा लावून धरायचा. दम संपला तर श्वास घ्यायचा, पुन्हा सा. मी हात खाली करीपर्यंत सोडायचा नाही." त्याच्या वडिलांना हे पटले नाही. फाटकाशी मला गाठून म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा, बाकीच्यांना आख्खं गाणं आणि आमच्याला एकच अक्षर? फी सारखीच भरतो ना आम्ही?" दर अक्षरी हिशेब केला तर त्यांचे नुकसान होतेच, ते मी नाकारले नाही.

संमेलनाच्या दिवशी सगळे ठरल्याप्रमाणे झाले, म्हणजे पाहुणे पाऊण तास उशिरा आले. पडदा वर गेला. विजेवर चालणारा तंबोरा सुरू झाला, आलाप झाला, बंदिश सुरू झाली, आणि दुसऱ्या आवर्तनात वीज गेली. माईक गेला, तंबोरा गेला, दिवे गेले. सभागृहात 'अरे अरे' झाले. मुले बावरली, गाणे एकेका गळ्यातून गळत गेले. कुठेतरी जलतरंगाची एक वाटी लवंडल्याचा आवाज आला. आणि मग त्या काळोखात नुसता सा उरला. थोडा घोगरा, थोडा फाटका, पण जागचा न हललेला. श्वास घ्यायला तुटे, पुन्हा तिथेच लागे.

दोनतीन मात्रा असे गेले असेल. मग एका तबल्यावर ठेका पडला. मग मुली आल्या. मग पेट्या. अंधारात पेटी कशी वाजवतात म्हणून विचाराल तर काळ्या पट्ट्या पांढऱ्यांहून उंच असतात, बोटांना दिसतात. सगळी भाग्ये अशी एकत्र आली. पालकांनी एव्हाना मोबाइलचे दिवे लावले होते, पण त्यात बिचाऱ्यांना आपापले मूल सापडेना. त्यामुळे बहुधा पहिल्यांदाच सगळे पालक सगळ्या मुलांचे ऐकत होते. मीही ऐकत होतो. सौभाग्यवतींनी कोपर मारले आणि कुजबुजल्या, "अहो, हळू! लोक बघताहेत." तेव्हा मला कळले की माझे नुसते ओठ हलत नव्हते.

तिहाई झाली. सम तीन वेळा आली, पण जवळजवळ आली. टाळ्या पडल्या. सगळे थांबले. एक सोडून. बाईंनी हात केव्हाच खाली केला होता, पण काळोखात तो त्याला दिसणार कसा? टाळ्या सरल्या, सा चालू. अध्यक्ष माईकशिवाय बोलायला उठले, "आजच्या या मंगल प्रसंगी" म्हणाले, सा चालू. तीन मिनिटे अध्यक्षांचे भाषण षड्जावर झाले. सुरात झालेले ते त्यांचे पहिलेच भाषण, असे मागच्या रांगेत कोणी तरी म्हणाले. वीज आली, बाई दिसल्या, तेव्हा तो थांबला आणि पाणी मागू लागला. जलतरंगाच्या वाट्यांकडे बघत मागू लागला, म्हणून त्याला घाईने बाहेर नेले.

बाहेर त्याचे वडील भेटले. मोबाइलवर टिपलेले दाखवत होते ज्याला त्याला. पडद्यावर काळामिट्ट अंधार, दिसत काहीच नाही. "ऐका, ऐका काका, हा आमचा!" असे म्हणून ते मोबाइल माझ्या कानाला लावत होते.

यंदाची निवड गेल्या आठवड्यात झाली. राग दुर्गा आहे. नातीने सांगितले की नुसता सा धरण्यासाठी नऊजणांनी नावे दिली आहेत. त्यांत दोघे चांगले गाणारे आहेत. बाईंनी त्यांची नावे खोडली.